आईला दिलेला दशांश

पत्र

ताई, येशूच्या नावाने सलाम. मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. हातात २८,००० रुपये पगार येतो. पहिल्या पगारापासून मी दशांश, म्हणजे पगाराचा दहावा भाग, काढून मंडळीत (चर्चमध्ये) देत आले आहे, त्यात कधी खंड पडला नव्हता. वडील गेल्यानंतर आई गावी एकटी राहते. तिला साखर आणि रक्तदाब आहे, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला आहे, आणि यंदा पावसाळ्यात स्वयंपाकघराचे पत्रे गळू लागले. भाऊ जमीन कसतो, आईला धान्य देतो, पण पैसे देत नाही. जूनपासून तीन महिने मी दशांशाचे २,८०० रुपये आईला पाठवले. यजमानांना सांगितले नाही. प्रार्थना मंडळातल्या एका वडीलधाऱ्या भगिनीजवळ मन मोकळे केले, तर त्या म्हणाल्या, “देवाचे पैसे माहेरी पाठवलेस, ही देवाच्या घरची चोरी आहे.” त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या सहा वर्षांच्या मुलाला डेंग्यू झाला. तो आता बरा आहे, पण मनातली भीती जात नाही. त्या भगिनींनी बायबलमधल्या लेवीय पुस्तकातले वचन दाखवून हिशेबही करून दिला: तीन महिन्यांचे ८,४०० आणि वर पाचवा हिस्सा १,६८०, असे १०,०८० रुपये भरले की देवाचे देणे फिटेल. बचत गटातून कर्ज काढून ते भरावेत का? आणि पुढे आईचे काय करू?

– एक भगिनी

उत्तर

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावाने सलाम. तुमच्या पत्रातला कर्जाचा प्रश्न थांबण्यासारखा नाही, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. बचत गटातून कर्ज काढू नका. गटाच्या बैठकीत तुम्ही शब्द टाकला असेल तर तो मागे घ्या. कारणे पुढे सविस्तर लिहिते आहे आणि ती वाचून पटली नाहीत तर तुम्ही मोकळ्या आहात. परंतु भीतीपोटी काढलेल्या कर्जाचा हप्ता तुमच्याच पगारातून जाणार आहे, आणि तो सुरू झाला की पहिली कात्री आईच्या औषधांना लागेल, एवढे आत्ताच ध्यानात घ्या.

पैशांच्या हिशेबापेक्षा मुलाचे आजारपण तुम्हांला अधिक सलते आहे, असे पत्र वाचताना वाटले. तुम्ही नर्स आहात. डेंग्यू एडिस जातीच्या डासाच्या मादीमुळे पसरतो, ती कुंडीखालच्या बशीत, कूलरच्या टाकीत, गच्चीवर पडलेल्या टायरात साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते, आणि पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत रुग्ण वाढतात, हे तुम्ही नातेवाइकांना कितीतरी वेळा समजावून सांगितले असेल. त्या दिवसांत तुमच्या वॉर्डातही तापाचे रुग्ण असतीलच. त्यांच्यापैकी एखाद्याच्या उशाशी जाऊन “तुम्ही देवाचे काय बुडवले?” असे विचारण्याचे तुमच्या मनातही आले नसते. स्वतःच्या मुलाच्या उशाशी बसल्यावर मात्र तोच प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हेच विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा लोकांच्या मनात काय चालले आहे ते त्याने ओळखले आणि ती माणसे यरुशलेमेतल्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी नव्हती, असे स्पष्ट सांगितले. देव आईला दिलेल्या २,८०० रुपयांची वसुली सहा वर्षांच्या लेकराच्या रक्तातून करतो, असे मानायचे असेल तर शुभवर्तमानातली ही दोन्ही प्रकरणे आपल्याला पुस्तकातून काढून टाकावी लागतील. तेव्हा ही भीती देवाकडून आलेली आहे, असे समजू नका.

आता लेवीय पुस्तकातल्या त्या पाचव्या हिश्शाविषयी. हा नियम सत्ताविसाव्या अध्यायात आहे. एखाद्या शेतकऱ्याला दशांशाचे धान्य किंवा फळे स्वतःच्या घरी ठेवून त्याबदली पैसे द्यायचे असतील, तर त्याने किमतीवर पाचवा हिस्सा अधिक द्यावा, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या सोयीसाठी वस्तू सोडवून घेणाऱ्याला तो लागू होता. तुम्ही स्वतःसाठी काही सोडवून घेतलेले नाही, त्यामुळे १,६८० रुपयांचा तो आकडा कोठून लागू होतो हे मला कळलेले नाही. त्याच अध्यायाच्या आरंभी नवस केलेल्या माणसांचे मोल वयानुसार शेकेलांत ठरवून दिले आहे. ते कोणी प्रार्थना मंडळात काढून दाखवत नाही, ही गोष्ट मला जाता जाता नोंदवावीशी वाटते.

त्या भगिनींच्या बोलण्याचा खरा भार मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायावर आहे. देवाला ठकवल्याचा आरोप आणि सगळा दशांश मंदिराच्या भांडारात आणण्याची आज्ञा तेथेच आहे, आणि आपल्या मंडळ्यांत दशांशाचा विषय निघाला की बहुधा आठव्या वचनापासून वाचन सुरू होते. तुम्ही पाचव्या वचनापासून वाचून पाहा. तेथे परमेश्वर ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो, त्यांत मजुराची मजुरी दाबणारे आहेत, विधवेला व अनाथाला नाडणारे आहेत, उपऱ्याचा हक्क हिरावणारे आहेत. विधवेविषयीचे हे वचन आणि दशांशाविषयीची वचने एकाच पानावर आहेत. पहिल्याला वगळून दुसऱ्याचा धाक घालता येत नाही. शिवाय त्याच पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत सर्वांत कडक शब्द याजकांच्या वाट्याला आलेले आहेत, कारण ते वेदीवर आंधळी, लंगडी जनावरे चालवून घेत होते. आणि भांडार तरी कशासाठी होते? माझ्या घरात अन्न असावे, असे कारण मलाखी स्वतःच देतो. नहेम्याच्या तेराव्या अध्यायात त्याची पार्श्वभूमी दिसते: लेवींना, म्हणजे मंदिराच्या सेवकांना, आणि गायकांना त्यांचे वाटे मिळेनात, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले, मग यहूदाच्या लोकांनी धान्य, द्राक्षारस आणि तेल भांडारात आणले. ते धान्य माणसांच्या तोंडी पडण्यासाठी होते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावाच्या वेशीच्या आतच साठवावा, आणि लेवी, उपरा, अनाथ व विधवा यांनी तो खाऊन तृप्त व्हावे, असे सांगितले आहे. तुमची आई विधवा आहे. तिने तुमच्या दशांशातून औषधे घेतली, म्हणून नियमशास्त्राच्या अक्षराप्रमाणेदेखील तुमच्यावर चोरीचा ठपका ठेवणे अवघड आहे.

परंतु या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे याच प्रश्नावर खुद्द प्रभूने दिलेला निवाडा, आणि तो मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात अशी तक्रार घेऊन परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचे लोक) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे शिक्षक) आले होते. प्रभूने हात धुण्याचा वाद बाजूला ठेवून त्यांच्या एका शिकवणुकीवर बोट ठेवले. “माझ्याकडून तुम्हांला जी मदत व्हायची ती कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण केलेली आहे,” असे एखाद्याने आईबापांना सांगितले, की पुढे त्याला त्यांच्यासाठी काहीच करू द्यायचे नाही, अशी ती शिकवण होती. या प्रसंगातला मुलगा उधळ्या नाही, दारुडा नाही. त्याचा पैसा पवित्र कामी लागणार आहे आणि मंदिरात त्याचे कौतुकही होत असेल. आईबाप मात्र घरात रिकाम्या हातांनी बसले आहेत. अशा रीतीने तुम्ही आपल्या संप्रदायाने देवाचे वचन रद्द करता, असे प्रभूने त्या विद्वान मंडळींना तोंडावर सांगितले. देवाच्या नावाने काढलेला पैसा आईबापांच्या तोंडचा घास काढून दिलेला असेल तर तो देवालाच नको आहे, याहून वेगळा अर्थ या वचनांतून मला काढता येत नाही. दशांशाविषयी प्रभू इतरत्र बोलला तेथेही त्याने पुदिना, शेप आणि जिरे यांचा दहावा भाग मोजणाऱ्यांना न्याय, दया आणि विश्वास सोडून दिल्याबद्दल फटकारले. दशांश देऊ नका असे तो तेथे म्हणाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आणि वधस्तंभावर असताना, जगाच्या तारणाचे कार्य चालू असताना, त्याने आपल्या आईची सोय लावून दिली.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय तुमच्या प्रार्थना मंडळात एकदा सलग वाचावा, असे मी सुचवते. मंडळी ज्यांना पोसते अशा साठ वर्षांवरील विधवांची यादी कशी करावी, हा तेथला विषय आहे. मुलांनी आणि नातवंडांनी प्रथम आपल्या घरच्यांशी सुभक्तीने वागून आईबापांचे उपकार फेडावेत, असे चौथे वचन सांगते. आठवे वचन घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट ठरवते. सोळाव्या वचनात तर विश्वास ठेवणाऱ्या बाईचाच उल्लेख आहे: तिच्याकडे विधवा असतील तर तिने त्यांना मदत करावी, मंडळीवर भार टाकू नये. त्या विधवा सासरच्या की माहेरच्या, असा भेद पौलाने केलेला नाही.

तो भेद आपण केलेला आहे. “देवाचे पैसे माहेरी पाठवलेस” या वाक्यात ‘देवाचे’ आणि ‘माहेरी’ या दोन शब्दांपैकी अधिक जोर कोणत्या शब्दावर होता, हे तुम्ही ऐकले आहे, मी ऐकलेले नाही. पण मला शंका आहे. तेच पैसे आजारी सासूच्या औषधांना गेले असते तर चोरी हा शब्द इतक्या चटकन आला असता का? लग्न झालेल्या मुलीने माहेरी पैसे पाठवणे म्हणजे सासरचे घर रिकामे करणे, ही समजूत आपल्या समाजात जुनी आहे, आणि ख्रिस्ती घरांनी ती बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून दिलेली नाही. पुष्कळदा आपण ती तशीच घरात ठेवतो आणि वर एखादे वचन टांगतो.

येथवर मी तुमच्या बाजूने लिहिले. आता थोडे कठीण लिहिते, ते मन मोठे करून वाचावे.

आईसाठी पैसे हवे होते तेव्हा तुम्ही ते दशांशातूनच का काढले? पगारातले उरलेले २५,२०० रुपये होते. घरभाडे, शाळेची फी, किराणा, हप्ते यांना हात लावणे शक्य नव्हते हे मी समजू शकते. परंतु मला वाटते, कारण निराळे होते. तुमच्या साऱ्या मिळकतीत दशांश हीच एक रक्कम अशी होती, की ती घराबाहेर गेली तरी कोणी प्रश्न विचारत नव्हते. बाकीच्या पैशांचा हिशेब यजमानांबरोबर होतो. दशांश तुमचा आणि देवाचा. म्हणून आईची गरज तुम्ही त्या एकाच दाराने आत आणली. दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुमच्यासारख्या कमावत्या स्त्रियांची पत्रे मला येतात, आणि स्वतः मिळवलेल्या पैशांवर त्यांचा हात किती आखडलेला असतो, ते मला ठाऊक आहे. पण यामुळे गोंधळ असा झाला, की आईला सांभाळणे हे जे उभ्या घराचे कर्तव्य होते, ते देवाच्या वाट्यातून उसने घेऊन चोरून केलेले काम ठरले, आणि कोणी चोरी म्हटल्याबरोबर ते तुमच्या काळजाला लागले.

आईबापांचा मान राख ही आज्ञा दशांशाच्या पोटात बसवलेली आज्ञा नाही, ती स्वतंत्र आहे. म्हणून आईचा खर्च घरखर्चात धरला गेला पाहिजे. यजमानांच्या आईवडिलांसाठी तुमच्या घरातून काही जात असेल, तर त्याच ओळीच्या खाली तुमच्या आईचीही ओळ आली पाहिजे. यासाठी यजमानांना सांगणे भाग आहे. पैसे कोठे गेले यापेक्षा तीन महिने सांगितले नाही, हे त्यांना अधिक लागेल, आणि ते लागणे अगदीच चूक म्हणता येणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या उदारपणाच्या हकिगती आपल्याकडे भक्तिभावाने सांगितल्या जातात. मागणाऱ्याला हाताला लागेल ते देऊन टाकणारा तो माणूस होता, आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. पण घरात पीठ शिल्लक आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे होते, आणि त्याही हकिगती त्यांनी आपल्या आठवणींत हसत, टोले देत लिहून ठेवल्या आहेत. एकाने मनाशी ठरवायचे आणि दुसऱ्याने निस्तरायचे, असे दान कितीही थोर असले तरी घरात खुपत राहते. तुमच्या घरात यजमानांना अजून निस्तरावे लागलेले नाही, तोवर बोला. रात्रपाळीवरून थकून आल्यावर किंवा मुलासमोर हा विषय काढू नका. आईची औषधांची चिठ्ठी, पाठवलेल्या रकमा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज एका कागदावर लिहून मग बोला. “मी पाठवले आणि तुम्हांला सांगितले नाही, ते सांगायला हवे होते,” हे पहिले वाक्य असू द्या. गरजेचे वर्णन त्यानंतर करा.

मंडळीला देणे मात्र पूर्ण थांबवू नये, असे माझे मत आहे. पाळकांचे मानधन, विजेचे बिल, दफनभूमीची भिंत, संडे स्कूलच्या मुलांची पुस्तके ही कामे कोणाच्या तरी पैशांतून होतात, आणि अडचणीच्या काळात थांबलेले हात पुढे सैल होत नाहीत, असे मी पाहिले आहे. किती द्यावे, हा आकडा मी ठरवून देणार नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने, आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला काढून ठेवावे, असे सांगितले. आणि दुसऱ्या पत्रात, ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून दान मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, असा खुलासा केला. आईचा खर्च घरखर्चात गेल्यावर तुमचा दशांश कदाचित पूर्ववत होईल, कदाचित काही महिने तो निम्मा राहील. निम्मा राहिला तर तो निम्मा आनंदाने द्या, आणि तसे मोकळेपणाने पाळकसाहेबांच्या कानावर घाला.

हे मोकळेपण का हवे, त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. माझे वडील नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते आणि मंडळीचे हिशेबही तेच ठेवत. त्या काळी बायका रोज दळण करण्याआधी बाजरीची एक मूठ देवाच्या नावाने डब्यात टाकत आणि महिनाअखेर ती मंडळीत आणून देत. मिझोराममधल्या मंडळ्यांत प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे, आणि तेथल्या मिशनकार्याचा मोठा भार त्या मुठीने उचलला आहे. आमच्या गावचे प्रमाण अर्थात लहान होते. एका महिन्यात एक बाई रिकामा डबा घेऊन आली. शेजारच्या घरी सून बाळंत झाली होती, घरातले कामकरी माणूस तापाने पडले होते, आणि हिने डब्यातली बाजरी तिकडे नेऊन ओतली होती. ते घर ख्रिस्ती नव्हते. बाई दारात उभी राहून हे सांगत होती आणि पदराने डब्याचे झाकण उगाच पुसत होती. वडिलांनी वही उघडली, तिच्या नावापुढे अंदाजे माप लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘परस्पर पोहोचली’ अशी नोंद केली. पुढच्या बैठकीत एका सभासदाने हरकत घेतली, की जे भांडारात आले नाही ते जमेला धरता येत नाही. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि वडिलांनी वाद न घालता मापाचा आकडा खोडला. शेरा मात्र खोडला नाही. ती बाई घाबरली नाही, कारण तिने काही लपवले नव्हते. वहीत आकडा राहिला की गेला, याची तिला फिकीर नव्हती.

तुमच्या मंडळीच्या वहीत तीन महिने कोरे दिसत असतील, आणि वार्षिक अहवालात दशांश देणाऱ्यांची नावे छापत असतील तर तेथेही ते दिसेल. दिसू द्या. पाळकसाहेबांना भेटून कारण सांगा. कोणी विचारण्याआधी सांगितलेले बरे. ते मार्काचा सातवा अध्याय जाणतात. एखाद्या मंडळीत पाळकच दशांशाचा तगादा लावतात असेही घडते, हे मी नाकारत नाही, आणि तसे झाले तरी तुमचे उत्तर बदलण्याचे कारण नाही.

आता त्या भगिनींविषयी. त्यांच्यावर राग धरू नका, आणि त्यांना टाळूही नका. ज्या धाकाने त्यांनी तुम्हांला बांधले, त्याच धाकात त्या स्वतः बरीच वर्षे जगत असतील. आपल्या घरातल्या प्रत्येक आजारपणाच्या मागे त्यांनी न दिलेल्या आण्यांचा शोध घेतला असेल. मंडळातल्या इतरांसमोर विषय काढून त्यांना खाली पाहायला लावण्यापेक्षा प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे एकांतात भेटा, मुलगा बरा झाल्याचे सांगा, आणि १०,०८० रुपये भरणार नसल्याचे कारणासह सांगा. त्यांना पटले नाही तरी तुमचे काम झाले. मात्र यापुढे घरच्या पैशांची गोष्ट यजमानांआधी मंडळात नेऊ नका.

राहिला प्रश्न आईचा आणि भावाचा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मोफत होते, तेव्हा त्यासाठी पैसे साठवत थांबू नका. साखर आटोक्यात आहे ना, एवढे आधी पाहून घ्या, हे तुम्हांला मी सांगायला नको. औषधे जनऔषधी केंद्रातून घेतली तर महिन्याचा खर्च बराच उतरेल. जमिनीविषयी मात्र एक गोष्ट तुमच्या आईला बहुधा कोणी सांगितलेली नसेल. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल आणि जमीन त्यांच्या नावावर असेल, तर आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्याप्रमाणे एक तृतीयांश विधवेचा, आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत मुलगा व मुलगी यांचा सारखा वाटा असतो. तुम्ही दोघेच भावंडे असाल तर तिघांचाही वाटा एकेक तृतीयांश होतो. म्हणजे भाऊ आईला जे धान्य देतो ते तिच्याच जमिनीचे आहे. सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली आहे का, ते तलाठ्याकडे पाहून घ्या, पण कागद हातात धरून भावाच्या दारात जाऊ नका. आईबापांच्या निर्वाहासाठी २००७ चा कायदाही आहे आणि त्यात मुलगा व मुलगी दोघांवरही जबाबदारी आहे. त्याची पायरी चढण्याची वेळ माझ्या अंदाजाने तुमच्यावर येणार नाही. जो भाऊ न चुकता धान्य पोहोचवतो, तो आईला विसरलेला नाही. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा महिन्याच्या महिन्याला येत नसतो, हे पगारदार माणसांच्या लवकर ध्यानात येत नाही. त्याच्याकडे दरमहा रकमेची मागणी करण्यापेक्षा त्याला जमेल ते नेमके काम मागा. पत्रे बदलायला दोन माणसांचे दोन दिवसांचे श्रम लागतात, तेवढे तो आणि त्याचा एखादा मित्र करू शकतील. पत्र्यांचे पैसे तुम्ही आणि यजमान मिळून द्या. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आईच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालायला कोणी तरी जवळ असावे लागेल, आणि तुम्हांला एवढी रजा मिळणे कठीण आहे. हे काम भाऊ आणि वहिनी पत्करतील का, ते रुग्णालयातली तारीख घेण्याआधी त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारा, आणि जाताना यजमानांना बरोबर घेऊन जा.

तुमची,
ताई